टेक्सासमधल्या शाळा, बायबल आणि राज्याचं राजकारण: परंपरावादी ख्रिश्चन गटांना नेमकं काय हवं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॅलसजवळच्या उपनगरात राहतो, मुलं सरकारी शाळेत जातात. वर्गात दहा आज्ञांचे फलक, वाचनाच्या पुस्तकात बायबलमधल्या गोष्टी, खासगी शाळांसाठी सरकारी पैसा, हे सगळं अचानक कुठून आलं? या ख्रिश्चन कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींना हवंय तरी काय? आणि आपल्यासारख्या हिंदू कुटुंबाने यात कुठे, कसं लक्ष घालावं?

हे अचानक आलेलं नाही, आणि ही मंडळी एका सुरात बोलणारीही नाहीत. शाळांच्या बाबतीत त्यांच्या तीन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली: आमचं मूल सरकारी शाळेतून काढायचं असेल तर त्याच्या वाट्याचा पैसा आम्हाला द्या. दुसरी: मूल सरकारी शाळेत ठेवलं तरी काय शिकवता ते आधी दाखवा, आणि आमच्या श्रद्धेविरुद्ध असेल तिथून त्याला बाहेर बसू द्या. तिसरी: सरकारी शाळेतच बायबल, प्रार्थना आणि दहा आज्ञांना मानाची जागा द्या. पहिल्या दोन मागण्या पालकाच्या हक्कावर उभ्या आहेत. तिसरी ‘हा देश मुळात कोणत्या परंपरेचा’ या दाव्यावर उभी आहे. पालकाचा हक्क सर्व धर्मांच्या पालकांना मिळतो. वारशाचा दावा एकाच परंपरेला मिळतो. टेक्सासमधली बरीचशी ओढाताण याच फटीतून निघते.

त्यांची भूमिका आतून समजून घ्यायला हवी, नाहीतर सगळं नुसतं मतांचं राजकारण वाटतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत डॉयटरॉनॉमी) या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबवण्याचं काम आईबापांवर टाकलं आहे. श्रद्धाळू प्रोटेस्टंट कुटुंबाच्या लेखी मुलाचं शिक्षण हे आधी घराचं कर्तव्य, सरकार फार तर मदतनीस. कॅथलिक परंपराही पालकांनाच पहिले शिक्षक मानते. कायद्यात याला आधार आहे: ओरेगॉनने प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती केली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये ‘पिअर्स’ खटल्यात रद्द केली. मग १९६२ मध्ये शाळेने घडवून आणलेली प्रार्थना आणि १९६३ मध्ये शाळेतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरलं. या दोन निकालांचा सल अनेक चर्चमध्ये अजून ताजा आहे. शाळा तटस्थ झाली असं त्यांना वाटत नाही. एका विश्वासाची जागा दुसऱ्याने घेतली, असं वाटतं.

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे हे सगळं वॉशिंग्टनपेक्षा ऑस्टिनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, ठरतं, आणि टेक्सासमध्ये याची सवय जुनी आहे. लाँगव्ह्यू गावचं मेल आणि नॉर्मा गॅबलर हे दांपत्य १९६० च्या दशकापासून पाठ्यपुस्तकं ओळन् ओळ वाचून चुका आणि आक्षेपांच्या याद्या राज्य मंडळापुढे ठेवत असे. टेक्सासची पुस्तकखरेदी प्रचंड, त्यामुळे प्रकाशक त्या याद्या मुकाट्याने वाचत. सुनावणीला वेळेवर जाणारी दोन माणसं राज्याच्या पुस्तकांवर केवढा परिणाम करू शकतात, हे या चळवळीने तिथून शिकून घेतलं. बाकीच्यांनी ते अजून पुरतं शिकलेलं नाही.

आता कोण काय ठरवतं ते पाहू. इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. राज्य शिक्षण मंडळात १५ सदस्य असतात, ते पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि टीक्स, म्हणजे राज्याचा अभ्यासक्रम, ठरवतात. २०१० मध्ये याच मंडळाने सामाजिक शास्त्राचा अभ्यासक्रम ९ विरुद्ध ५ मतांनी परंपरावादी वळणाने बदलला होता. शिक्षण आयुक्त मात्र गव्हर्नर नेमतो. कायदे करणारं विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीपासून जेमतेम १४० दिवस बसतं. आणि सगळ्यात खाली तुमच्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांच्या विभागाचं, स्कूल बोर्ड: वाचनालय, अधीक्षकाची नेमणूक, स्थानिक बजेट आणि राज्याने ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून सोडलेल्या गोष्टी त्यांच्या हातात. अभ्यासक्रमाची तक्रार स्कूल बोर्डाकडे नेली किंवा वाचनालयातल्या पुस्तकासाठी आमदाराला पत्र लिहिलं की ऐकून घेतलं जातं, होत काहीच नाही.

स्कूल बोर्डाची निवडणूक बहुतेक ठिकाणी मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी असते, मतपत्रिकेवर पक्ष नसतो, आणि मतदान अनेकदा दहा टक्क्यांच्या आत राहतं. म्हणजे काही शे मतांवर बोर्ड फिरतं. साउथलेकमध्ये कॅरल डिस्ट्रिक्टने २०२० मध्ये विविधतेचा आराखडा आणला. त्याविरुद्ध पालकांची राजकीय समिती उभी राहिली आणि मे २०२१ मध्ये तिचे उमेदवार सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आले. पुढच्या वर्षी पॅट्रिअट मोबाइल या ग्रेपव्हाइनच्या, स्वतःला ख्रिश्चन कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या मोबाइल कंपनीच्या राजकीय समितीने चार डिस्ट्रिक्टमध्ये ११ उमेदवारांना पाठबळ दिलं आणि अकराही निवडून आले. निवडून येणं सोपं, चालवणं अवघड, हेही त्याच पट्ट्यात दिसलं. केलर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने २०२५ च्या सुरुवातीला डिस्ट्रिक्टचे दोन भाग करण्याची कल्पना पुढे आणली. डिस्ट्रिक्टने रोख्यांतून (बाँड) घेतलेल्या कर्जाची फेरमांडणी जमेना, पालक खवळले, आणि मार्चमध्ये ती गुंडाळावी लागली.

राज्यपातळीवर निर्णायक निवडणूक नोव्हेंबरची नसते, मार्चमधली रिपब्लिकन प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, असते. व्हाउचरचं, म्हणजे खासगी शाळेसाठी पालकाला मिळणाऱ्या सरकारी पैशाचं, प्रकरण याचा उत्तम धडा आहे. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी २०२३ मध्ये चार विशेष अधिवेशनं बोलावली, तरी १७ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने ८४ विरुद्ध ६३ मतांनी व्हाउचरचा भाग विधेयकातून काढून टाकला. डेमोक्रॅटांबरोबर २१ रिपब्लिकन गेले, बहुतेक ग्रामीण भागातले. हेही चर्चला जाणारे, गर्भपातविरोधी, पक्के कॉन्झर्व्हेटिव्हच. पण छोट्या गावात सरकारी शाळा हीच सगळ्यात मोठी नोकरी देणारी संस्था असते, शुक्रवारी रात्रीचा फुटबॉल सामना हाच गावाचा उत्सव, आणि काउंटीत खासगी शाळाच नसेल तर व्हाउचर वापरायचं कुठे? ॲबट यांनी २०२४ च्या प्रायमरीत यांच्यापैकी बऱ्याच जणांविरुद्ध उमेदवार उभे केले. पेनसिल्व्हेनियाचे धनाढ्य जेफ यास यांनी त्यांना ६० लाख डॉलर दिले होते. प्रचारात व्हाउचरपेक्षा सीमेचा मुद्दाच जास्त वाजला. अनेक जुने आमदार पडले, आणि एप्रिल २०२५ मध्ये व्हाउचरच्या विधेयकाला, सिनेट बिल २ ला, विरोध करणारे रिपब्लिकन उरले फक्त दोन. ३ मे २०२५ रोजी सही झाली.

या योजनेत पहिल्या टप्प्याला १०० कोटी डॉलरची मर्यादा आहे. २०२६-२७ या शालेय वर्षापासून खासगी शाळेतल्या मुलासाठी सुमारे १०,५०० डॉलर, अपंगत्व असलेल्या मुलासाठी ३०,००० पर्यंत आणि घरी शिकणाऱ्यासाठी २,००० डॉलर. पैसे हातात पडत नाहीत. कम्प्ट्रोलरच्या (राज्याच्या मुख्य हिशेब-अधिकाऱ्याच्या) देखरेखीखालच्या खात्यातून शाळेला किंवा मान्य विक्रेत्याला जातात. मूल अमेरिकन नागरिक किंवा कायदेशीर प्रवेश मिळालेलं असावं लागतं. अर्ज जास्त झाले तर अग्रक्रम आणि सोडत. अपंग मुलं (उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पाचपटीपर्यंत) आधी, मग दुप्पटीपर्यंत उत्पन्नाची कुटुंबं, मग दुप्पट ते पाचपट, आणि पाचपटीच्या वरच्यांसाठी जास्तीत जास्त २० टक्के निधी. २०२५ च्या मापाने चार जणांच्या घरासाठी पाचपट म्हणजे १,६०,७५० डॉलर. दोघेही आयटीत असलेली मराठी जोडपी बहुधा शेवटच्या गटात पडतात, तेव्हा आधी खासगी शाळेत नाव घालून मग पैशांची वाट पाहण्याचा बेत करू नका. शाळाही मान्यताप्राप्त आणि किमान दोन वर्षं चाललेली लागते.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना यात खळबळजनक काय, असं वाटेल. आपल्याकडे मिशनच्या अनुदानित शाळा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. घटनेचं ३० वं कलम अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं आणि अनुदानात भेदभाव करू देत नाही. २८ वं कलम पूर्ण सरकारी पैशाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाकारतं आणि अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय त्याची सक्ती होऊ देत नाही. अमेरिकेत मात्र धार्मिक शाळेला सरकारी पैसा ही दीर्घकाळ जवळजवळ निषिद्ध गोष्ट होती. ते बंधन २००२ चा ‘झेलमन’, २०२० चा ‘एस्पिनोझा’ आणि २०२२ चा ‘कार्सन’ या निकालांनी सैल केलं: राज्याने खासगी शाळांना मदत सुरू केली, तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या शाळेला वगळता येत नाही.

पहिल्या मागणीची खरी कसोटी इथून पुढे आहे. पैसा सर्व धर्मांना खुला करायचा म्हणजे इस्लामी शाळांनाही. डिसेंबर २०२५ मध्ये प्रभारी कम्प्ट्रोलर केली हॅनकॉक यांनी काही शाळांना योजनेतून वगळता येईल का, यावर ॲटर्नी जनरलचा अभिप्राय मागितला, आणि वादाचा रोख मुस्लिम संघटनांशी जोडल्या गेलेल्या शाळांवर होता. ओक्लाहोमात हाच मुद्दा उलट्या बाजूने आला. तिथे कॅथलिक चर्चची सेंट इसिडोर ही ऑनलाइन चार्टर शाळा (सरकारी पैशावर स्वतंत्र संस्थेने चालवायची शाळा) सुरू होणार होती. विरोधात कोर्टात गेले ते रिपब्लिकन ॲटर्नी जनरल जेंटनर ड्रमंड. आज एका चर्चला दिलं तर उद्या कुठल्याही पंथाला नाही म्हणता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेला नकार दिला, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाल्याने तो नकार टिकला.

होमस्कूलवाल्या ख्रिश्चन कुटुंबांत दुसरीच धास्ती आहे: सरकारी पैशामागून सरकारी अटी येतात. टेक्सासमध्ये १९९४ च्या ‘लीपर’ निकालाने घरची शाळा ही खासगी शाळाच मानली गेली. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढे पाच विषय प्रामाणिकपणे शिकवले की सरकार दारात येत नाही. हे स्वातंत्र्य २,००० डॉलरसाठी पणाला का लावायचं, असा त्यांचा सवाल. मला तो रास्त वाटतो. शाळांचे विचार आणि प्रवेशाचे नियम तसेच राहतील, असं आज कायद्यात लिहिलेलं असलं तरी कायदा दर दोन वर्षांनी बदलता येतो.

तिसऱ्या मागणीकडे वळू, कारण तुमच्या मुलांना रोज भिडते ती तीच. सिनेट बिल १० नुसार १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक सरकारी वर्गात किमान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच असा दहा आज्ञांचा फलक लावायचा आहे. फलक देणगीतून आला तर शाळेने तो स्वीकारायचा. विकत घेण्याची सक्ती नाही. हा आकार आणि ही देणगीची वाट जाणकारांना लगेच ओळखीची वाटली, कारण केंटकीच्या १९७८ च्या कायद्यातही १६ बाय २० इंच आणि खासगी देणग्याच होत्या. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘स्टोन’ खटल्यात ५-४ ने रद्द केला. टेक्सासच्या कायद्यातला मजकूर ऑस्टिनच्या कॅपिटॉलबाहेरच्या १९६१ च्या शिळेवरचा आहे, आणि ती शिळा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५-४ नेच टिकली. तेव्हा टेक्सासचा कायदा ‘स्टोन’ पुन्हा न्यायालयात नेण्यासाठी रचलेला दिसतो. धाडस आलं २०२२ च्या ‘केनेडी’ निकालामुळे. त्यात न्यायालयाने सरकारी कृतीमागे धार्मिक हेतू किंवा परिणाम आहे का हे पाहणारी ‘लेमन’ ही जुनी कसोटी सोडली आणि इतिहास व परंपरा पाहायचं ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीश फ्रेड बिअरी यांनी ११ डिस्ट्रिक्टना मनाई केली. वादींमध्ये ज्यू, ख्रिश्चन आणि हिंदू कुटुंबंही होती. असा आदेश दाव्यातल्या डिस्ट्रिक्टपुरताच असतो, म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राच्या अनुभवावरून आपल्या शाळेचा अंदाज बांधू नये. अपिलातल्या ताज्या आदेशात आपल्या डिस्ट्रिक्टचं नाव आहे का ते पाहावं.

फलकावरचा मजकूर प्रोटेस्टंट वळणाचा आहे. कॅथलिक आणि ज्यू आज्ञांची मोजणी वेगळी करतात. मूर्ती घडवू नकोस ही आज्ञा घरात गणपती बसवणारं सात वर्षांचं मूल वर्गात वाचणार आहे, ही अडचण समर्थकांना सांगितली की बहुतेक जण प्रामाणिकपणे चकित होतात. त्यांच्या डोळ्यांपुढे ती अमेरिकन कायद्याची ऐतिहासिक पायरी असते.

ब्लूबॉनेट हा राज्याने तयार करवलेला पाचवीपर्यंतचा वाचनाचा अभ्यासक्रम. राज्य मंडळाने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये ८-७ ने मंजूर केला. सक्ती नाही, पण घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला प्रति विद्यार्थी ६० डॉलरपर्यंत मिळतात, आणि पैशाची चणचण असलेल्या डिस्ट्रिक्टला ६० डॉलर पुरतात. बालवाडीतल्या सुवर्णनियमाच्या धड्यात येशूचं डोंगरावरचं प्रवचन येतं, दुसरीत राणी एस्तेर, पाचवीत ‘शेवटचं भोजन’ हे चित्र. समर्थक म्हणतात, बायबल माहीत नसेल तर इंग्रजी साहित्य आणि अमेरिकन इतिहास अर्धा कळत नाही, आणि यात तथ्य आहे. अडचण वयाची आहे. बारावीचं मूल ‘ख्रिश्चन असं मानतात’ आणि ‘असं झालं’ यातला फरक करू शकतं, पाच वर्षांचं करू शकत नाही.

या मागणीला सर्वात कसून विरोध कधीकधी चर्चमधूनच येतो. बाप्टिस्ट पंथाचा जन्मच राजाच्या चर्चने केलेल्या छळातून झालेला, त्यामुळे राज्य आणि चर्च वेगळी ठेवणं ही त्यांच्यातल्या जुन्या मंडळींची धर्मनिष्ठा आहे. ‘पास्टर्स फॉर टेक्सास चिल्ड्रन’ ही पाद्र्यांची संघटना व्हाउचरविरुद्ध वर्षानुवर्षं उभी राहिली. २०२३ मध्ये शाळांत चॅप्लिन (संस्थेत नेमलेला धर्मोपदेशक) नेमण्याची मुभा आली तेव्हा शंभराहून अधिक चॅप्लिननी पत्र लिहून नको म्हटलं: इस्पितळात किंवा सैन्यात काम करायला कडक प्रशिक्षण लागतं, शाळेसाठी या कायद्याने काहीच मागितलं नव्हतं. प्रत्येक बोर्डाला १ मार्च २०२४ पर्यंत मतदान करायचं होतं. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन यांनी नकार दिला. हाच साचा सिनेट बिल ११ मध्ये, प्रार्थना आणि धर्मग्रंथवाचनाच्या वेळेसाठी, पुन्हा वापरला गेला. मुदत १ मार्च २०२६. बोर्डाने होकार दिला असेल तर सहभागासाठी पालकाची सही लागते, आणि त्या फॉर्ममध्ये दावा लावण्याचा हक्क सोडल्याचंही कलम असतं. वर्षाच्या सुरुवातीला पोर्टलवर वीसेक फॉर्म एकदम येतात, तिथे न वाचता क्लिक करत जाऊ नका.

आता तुम्ही काय करावं. दुसऱ्या मागणीतून मिळालेली हत्यारं तुमचीही आहेत. टेक्सास एज्युकेशन कोडच्या २६.०१० कलमानुसार धार्मिक किंवा नैतिक श्रद्धेविरुद्ध असलेल्या धड्यातून मुलाला तात्पुरतं बाहेर ठेवता येतं. पत्र लेखी असावं. कोणता धडा, कोणत्या तारखा, श्रद्धेशी विरोध कसा, हे तीन-चार वाक्यांत. तोंडी सांगितलेलं बदली शिक्षकाला कळत नाही. परीक्षा टाळण्यासाठी किंवा पूर्ण सत्रासाठी ही सवलत मिळत नाही. ‘ब्लूबॉनेट नको’ असं सरसकट लिहिलं तर अर्ज फेटाळला जातो, म्हणून एकेका धड्याचं नाव लिहा. जून २०२५ च्या ‘महमूद’ निकालाने हा हक्क देशभर बळकट केला. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या मुस्लिम आणि ख्रिश्चन पालकांनी तो ६-३ ने मिळवला. एक तोटा मात्र आधी तोला: लहान वर्गात एकटंच मूल उठून वाचनालयात जातं तेव्हा ते त्याला शिक्षा वाटते. पुष्कळदा घरी तीच गोष्ट आधी सांगून ‘ही ख्रिश्चन लोकांची गोष्ट’ एवढं समजावणं पुरतं.

बोर्डाच्या सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-१बी वरचा पालकही बोलू शकतो, राज्य मंडळापुढेही. मतदान मात्र फक्त नागरिकांना, आणि निवडणुकीची देणगी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकालाच. व्हिसावर असताना पंचवीस डॉलरसुद्धा देऊ नका. अजेंडा काही दिवस आधी लागतो. त्यातला विषयक्रमांक धरून दोन-तीन मिनिटांत एकच मागणी मांडा. ‘हे हिंदूंच्या विरुद्ध आहे’ अशा भाषणाने समोरचे सदस्य कवच चढवतात; ‘माझ्या मुलाचं धार्मिक शिक्षण मी करतो, शाळेने नको’ हे वाक्य त्यांच्याच तत्त्वातलं असल्याने त्यांना टाळता येत नाही. नागरिक झालेल्यांनी मार्चची प्रायमरी सोडू नये. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाही, मतदानकेंद्रावर कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला बसतं. विधेयकं त्याआधीच, ९ नोव्हेंबर २०२६ पासून दाखल होऊ लागतात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सिनेट आणि प्रतिनिधीगृहाच्या शिक्षण समित्यांच्या सूचना ईमेलवर लावून ठेवता येतात, आणि आक्षेप नोंदवायची जागा समितीची सुनावणी हीच आहे, कारण सभागृहात मतदानाला येईपर्यंत मजकूर बहुतेक ठरलेला असतो.